मूळ स्थितीत

करारातलं कलम नऊ:
मुदत संपल्यावर जागा मूळ स्थितीत परत करावी.
सही करता करता तबस्सुम हसली,
मूळ स्थिती म्हणजे, ही?

ही म्हणजे धायरीतला दोन गुंठ्यांचा तुकडा,
दोन इमारतींनी एकमेकींकडे पाठ केल्यामुळे उरलेला.
वर राडारोडा, खाली राडारोडा.
पहिल्या रविवारी अकरा जण, कुदळी दोन.
निघालं ते असं:
निळ्या फुलांच्या न्हाणीघरातल्या फरश्या,
गजांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती,
एक चप्पल, डावी,
आणि फूटभर खाली
चहाच्या डागाएवढी काळी माती.

येत कुणालाच काही नव्हतं.
मी विम्याचे दावे नाकारते, दहा ते सात.
ऋग्वेद स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या वर्षात.
येत होतं ते वॉचमन विश्वंभरमामांना,
ते परभणीकडचे, आणि खुर्चीतून उठायचे नाहीत.
"लावा, लावा," म्हणायचे,
पोराला म्हणावं तसं, जा, बघून ये.

माती आम्ही गोळा केली.
रसवंतीवाल्याची चिपाडं,
बी विंगच्या ओल्या कचऱ्याच्या बादल्या,
निर्माल्य, त्यातले दोरे वेचून काढून,
आणि शेण, दुचाकीवर, मांडीत धरून,
सिंहगड रोडच्या प्रत्येक सिग्नलला
माना आमच्याकडे वळत.
दीड महिन्याने ढीग तापला.
जयराजने कोपरापर्यंत हात घातला,
"ताप आलाय," म्हणाला,
आणि तो हात दिवसभर धुतला नाही.

पहिली वांगी सात.
माणसं अकरा.
ग्रुपवर रात्री दीडपर्यंत गणित चाललं,
शेवटी एकच भरीत.
भाकऱ्या मामींनी थापल्या
आणि मामा उठले,
ताट घेऊन.

श्रावणात गोगलगायी आल्या, पोटात पाय घेऊन.
रात्री अकराला, ज्याची त्याची शिफ्ट संपवून,
मिठाच्या पाण्याची बादली, मोबाईलचे टॉर्च.
चौथ्या मजल्यावरून आवाज आला,
"काय शोधताय रे एवढ्या रात्री?"
"काही नाही काका, पालक वाचवतोय!"
"कुणाचे?"

सगळं असं हसण्यासारखं नव्हतं.
पाण्याच्या पाळीवरून तबस्सुम आणि ऋग्वेद
तीन आठवडे एका वाफ्यात पाठ करून बसले.
रेवतीला बेंगळुरूला नोकरी लागली.
तिची अंबाडी कुणी खुडली नाही,
ती वाढत वाढत फुलावर आली
आणि मग भाजी राहिली नाही.

अकराव्या महिन्यात पत्र आलं.
सोमवारी मशीन येणार.
कलम नऊ पुन्हा काढून वाचलं,
या वेळी हळू.

राडारोडा कोपऱ्यात होताच,
ट्रकचे पैसे कधी जमलेच नव्हते.
शनिवारी, रविवारी तो आम्ही पसरला,
सगळीकडे सारखा,
फरश्या, गज,
डावी चप्पलसुद्धा.
त्याआधी माती काढून घेतली.
पोती तीच, सिमेंटची. एकशे चार.

टेम्पोवाला म्हणाला, "कुठं टाकायचीय?"
जयराज म्हणाला, "टाकायची नाहीये."
पुढची जागा अजून ठरलेली नाही,
कुणी मांजरी म्हणतं, कुणी सूस.
तोवर जिन्याखाली, कॉटखाली, वॉशिंग मशिनच्या मागे.
माझ्याकडे दहा, बाल्कनीत.
घरमालकाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी एका पोत्याच्या शिवणीतून
हिरवं काहीतरी.
फोटो टाकला.
तबस्सुम म्हणते अंबाडी,
ऋग्वेद म्हणतो तण,
रेवतीने बेंगळुरूहून नुसतंच बदाम पाठवलं.
मामांनी मात्र फोन केला.
"दोनच पानं हायत अजून," म्हणाले,
"पहिली दोन सगळ्यांची सारखीच.
तिसरं येऊ द्या."